सत्तरीचा कान

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७१ साली एक पाहणी सुरू झाली, ती आजही चालू आहे. शहरातल्या सत्तर वर्षांच्या माणसांना बोलवायचं, त्यांची सगळी तपासणी करायची, नोंदी जपून ठेवायच्या. आणि पुढे जे नव्यानं सत्तरीला पोचतील त्यांना बोलवून तेच सगळं पुन्हा करायचं. पहिल्यांदा आले ते १९०१-०२ साली जन्मलेले. २०१४च्या सुमाराला आले ते १९४४ साली जन्मलेले. तपासण्यांमध्ये कानही होते. २०१८ मध्ये या नोंदी शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध झाल्या. पहिल्या तुकडीतल्या पुरुषांपैकी ५३ टक्क्यांना कमी ऐकू येत होतं. १९४४च्या तुकडीत हेच प्रमाण २८ टक्के निघालं. बायकांमध्ये ते ३७ वरून २३ वर आलं.

शहर तेच, वय तेच, आणि चार दशकांत सत्तरीच्या पुरुषांमधला बहिरेपणा जवळजवळ निम्म्यावर.

माझे वडील १९४४चे. त्यामुळे हे आकडे मला दूर देशातले वाटलेच नाहीत. आजोबांचा जन्म १९१८च्या आसपासचा; नक्की तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवली ती. सत्तरीत आजोबांना जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. वडिलांना सत्तरीत सगळं ऐकू येत होतं, शेजारच्या ब्लॉकमधल्या टीव्हीवरच्या बातम्यांसकट. घरात या फरकाचं कारण कुणी कुणाला विचारलं नाही. आजोबा म्हातारे होते, म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं, संपला विषय. ‘वय झालं’ हे आपल्याकडचं सगळ्या आजारांवरचं निदान आहे, आणि कानाच्या बाबतीत तर ते इतकं पक्कं बसलंय की डॉक्टरकडे जायचंही कुणाच्या मनात येत नाही.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दोन साचे चालवायचे. साचा म्हणजे माग. त्यावर लाकडाचा, टोकांना लोखंड बसवलेला धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फेकला जातो, तिथे आदळतो, लगेच उलटा फेकला जातो. मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा. असे शेकडो साचे एका छपराखाली. अशा खात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. कानाला धोका नको असेल तर ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं गणित आहे. त्या हिशेबानं शंभर डेसिबलला दिवसाची पंधरा मिनिटं मिळतात. आजोबांची पाळी आठ तासांची होती, आणि ती त्यांनी मधल्या बदलीच्या दिवसांसकट चाळीस वर्षांच्या आसपास भरली.

त्या आवाजात बोलणं शक्यच नसे. मग साचेवाले ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, प्रत्येक अक्षर ओठांवर काढून, सोबत हातांच्या खुणा. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या कापड गिरण्यांतल्या बायकाही असंच बोलत, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. ती बोली तिथल्या विणकऱ्यांनी कामाच्या ओघात घडवली होती आणि तिला स्वतःचं नावही होतं. आजोबांच्या बोलण्याला नाव नव्हतं, पण मी ते पाहिलंय. कणकवलीजवळ आमच्या गावी एक लग्न होतं. ताशा-सनई ऐन भरात, लाऊडस्पीकर चालू, मांडवात कुणाचं कुणाला कळेना. आजोबा मांडवाच्या एका खांबाशी बसलेले आणि त्यांचा गिरणीतला जुना साथीदार पार पलीकडे, जेवणाच्या पंगतीच्या टोकाला. दोघांच्या गप्पा चालू होत्या. कुणाचा मुलगा कुठे लागला, कुणाची फंडाची रक्कम अजून अडकली आहे, जेवणात काय आहे. मधली पन्नास माणसं आणि सगळी वाजंत्री त्यांच्या बोलण्याच्या आड येत नव्हती. त्या दिवशी त्या मांडवात नीट संवाद फक्त त्या दोन बहिऱ्या माणसांचा चालला होता.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजोबाही होते. निवृत्ती जवळच आलेली, ती संपातच उलटून गेली. मग ते गावी आले, आणि तिथल्या शांततेत पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांना ऐकू येत नाही. लालबागच्या चाळीत ते झाकून गेलं होतं, कारण चाळीत सगळेच मोठ्यानं बोलत.

आम्ही मुलं सुट्टीत गेलो की ठरलेला प्रसंग. आपण काही सांगायला जावं, तर आजोबा कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, “काय म्हणतंस? मोठ्यान् सांग.” आपण मोठ्यानं सांगितलं की लगेच, “आरडतंस कित्याक? माका आयकाक येता!” आम्ही हसायचो, आजी आम्हाला दटावायची, आणि आजोबा उठून खळ्यात जाऊन बसायचे. आजोबांचा स्वभाव तापट म्हणून गावभर पसरलं ते यातूनच. आता ठाऊक आहे की तो स्वभाव नव्हता. आतल्या कानातल्या पेशी मेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र चांगल्या कानाला लागतो तितकाच, कधी त्याहूनही जास्त लागतो. ऐकू न येणं आणि असह्य होणं यांतली जागा उरते अगदी चिंचोळी. नातवंडांनी हळू बोललं तरी चुकतं, मोठ्यानं बोललं तरी चुकतं. माणूस चिडका वाटतो, आणि हळूहळू लोक त्याच्याशी बोलणंच कमी करतात.

आजीलाही कमी ऐकू यायचं. पण ती वेगळ्या प्रकारची बहिरी होती, आणि हा फरक समजायला मला माझ्या वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

आजोबा बोलायचे तेव्हा चार घरांपलीकडे ऐकू जायचं. आजी मात्र इतकं हळू बोलायची की तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. घरात याचा अर्थ असा लावला जाई की आजोबा कडक आणि आजी गरीब. खरं कारण कानात होतं. आजीचा कान लहानपणापासून वाहत होता. कान वाहणं हे कोकणातच काय, सगळ्या महाराष्ट्रात त्या पिढीच्या मुलांचं नेहमीचं दुखणं. सर्दी झाली, कान ठणकला, लसूण घालून तापवलेलं तेल सोडलं, पू आला, कापसाचा बोळा घातला, शाळा किंवा शेण-पाणी चालूच. पडद्याला भोक पडतं, आतली बारीक हाडं झिजतात, आवाज आत पोचत नाही. आतला कान मात्र शाबूत असतो. अशा माणसाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून चांगला मोठा ऐकू येतो, म्हणून तो बेतानं, हळू बोलतो. आतला कान गेलेल्याला स्वतःचाही आवाज पोचत नाही, म्हणून तो ओरडतो. आजोबा-आजींच्या संसारातला तो चढा आणि उतरता सूर, ज्यावर आम्ही दोघांचे स्वभाव ठरवून टाकले होते, एका कानतपासणीत उलगडला असता.

आजीच्या पडद्याचं ऑपरेशन होण्यासारखं होतं. ती शस्त्रक्रिया तेव्हा मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळांत होत होती. पण बाईमाणसाच्या कानासाठी मुंबई गाठायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिलाही नाही. मला आजोबांच्या कानाचं दुःख आहे. आजीच्या कानाचा राग येतो.

गोथेनबर्गच्या आकड्यांत पुरुष आणि बायका यांच्यातलं अंतर पाहण्यासारखं आहे. १९०१-०२च्या तुकडीत ते सोळा टक्क्यांचं होतं, १९४४च्या तुकडीत पाचावर आलं. केवळ म्हातारपणच कान नेत असेल तर पुरुषांचं म्हातारपण बायकांपेक्षा इतकं वेगळं कसं असेल? गोथेनबर्ग हे जहाजबांधणीचं शहर होतं. रिबिटं ठोकून जहाजं बांधण्याचा काळ गेला, वेल्डिंग आलं. पुढे गोदीच बंद पडत गेल्या. लोक कचेऱ्यांत गेले. कारखाने राहिले तिथे कानावर चढवायचे मफ आले, नियम आले. सगळ्यात जास्त सुधारणा दिसली ती पुरुषांच्या चार ते सहा हजार हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्ट्यात. कामाच्या ठिकाणचा आवाज पहिला घाव घालतो तो नेमका याच पट्ट्यावर.

नॉर्वेच्या त्रोंडेलाग भागात १९९० च्या दशकात आणि पुन्हा २०१७ ते २०१९ मध्ये हजारो लोकांचे कान तपासले, तिथेही नंतरच्या पिढीचे कान बरे निघाले. कारणांचा शोध घेतला तेव्हा हाती आलं ते असं: कामावरचा गोंगाट कमी झाला, लहानपणीची कानाची दुखणी कमी झाली, विड्या-सिगारेटी कमी झाल्या, शिक्षण वाढलं. त्यातल्या पहिल्या कारणात माझे आजोबा आहेत, दुसऱ्यात आजी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम नावाच्या गावी झालेल्या अभ्यासातही जन्मसाल जितकं पुढचं तितका त्या त्या वयाचा कान चांगला, असंच दिसलं. याचं तिकडच्या लोकांनाही नवल वाटलं, कारण १९४०च्या दशकात जन्मलेली ती रॉक संगीताची पिढी. तारुण्यात ॲम्प्लिफायरसमोर नाचलेली. त्यांचे कान आई-बापांपेक्षा लवकर जातील असाच सगळ्यांचा अंदाज होता. पण शनिवार रात्रीचं संगीत आणि रोज आठ तास, तीस वर्षं चाललेलं यंत्र यांच्यात यंत्र कितीतरी पटींनी भारी पडलं.

हे कुणाला नव्यानं कळलं असंही नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर बहिरे होतात, आणि त्यांच्यातले म्हातारे तर ठार बहिरे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकामाचा ठोका आजही ऐकू येतो. तिथल्या जुन्या लोकांना हे सांगायला इटलीचा वैद्य लागणार नाही. १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरानं बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. शंभरांत एकाचंही ऐकणं धड नव्हतं. तुलनेसाठी त्यानं टपाल वाटणारे शिपाई घेतले होते, त्यांची स्थिती कितीतरी बरी होती. आणि १९६२ मध्ये न्यूयॉर्कचे कानाचे डॉक्टर सॅम्युएल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या माबान लोकांबद्दल लिहिलं. यंत्र नाही, बंदूक नाही, ढोलही फारसा नाही अशा शांत मुलखात राहणारे हे लोक. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना अमेरिकेतल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा कितीतरी चांगलं ऐकू येत होतं. त्यांची वयं अंदाजानं धरलेली, त्यामुळे त्या अभ्यासावर शंका घेतल्या गेल्या आणि त्या रास्तच आहेत. पण प्रश्न रोझेन यांनी योग्य विचारला होता: यात वयाचा वाटा किती आणि जगण्याचा किती?

वयाचा वाटा आहेच. तो नाकारून चालणार नाही. वडिलांनी सत्तरी चांगली काढली, पंचाहत्तरीनंतर त्यांनाही कमी ऐकू यायला लागलं. सुरुवात बाजारात झाली. भाजीवाली म्हणाली साठ, यांनी ऐकलं आठ. पहिल्यांदा गंमत झाली, मग ते वरचेवर व्हायला लागलं. दादरच्या एका दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. जाड दाराची लहानशी खोली, आत खुर्ची, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडून कान तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं, “काका, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं हं, अंदाज करायचा नाही.” बाबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. मी काचेतून त्यांचा अंगठा पाहत होते. जाड आवाज चालू असेपर्यंत अंगठा झटपट हलत होता. मग पट्टी वर चढत गेली तसा तो थांबत गेला. आत आवाज वाजतोय हे तिच्या यंत्रावरच्या दिव्यावरून मला दिसत होतं, आणि बाबा शांतपणे, पूर्ण लक्ष देऊन, त्याची वाट पाहत होते.

आलेख हातात आला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, दोन्ही रेघा वर, जवळजवळ सपाट. दोन हजार हर्ट्झच्या पुढे दोन्ही उतरत गेलेल्या. त्या मुलीनं समजावलं की आ, ओ, ऊ हे स्वर जाड पट्टीत असतात आणि जोरकस असतात, ते पोचतात. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक पट्टीत, श्वासाची, कमी जोराची. ती आधी गळतात. म्हणून बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. साठमधला स गेला की उरतो आठच.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी. आपण जन्मतो तेव्हा जितक्या असतात तितक्याच. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात. बारीक आवाज पकडणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी आणि जाड आवाजाच्या पार आत. आत जाणारी प्रत्येक लाट तोंडाशी बसलेल्यांवरून जाते. घराचा उंबरठा मधल्या घरापेक्षा आधी झिजतो, तसं काहीसं. बाबांच्या आलेखातला उतार हा वयाचा उतार होता, हळू आणि दोन्ही कानांत सारखा. साच्यावर उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाच्या आलेखात चार हजारांपाशी खड्डा असतो, आणि त्या खड्ड्यावर पुढे वयाचा उतार चढतो. आजोबांचा आलेख कुणी काढला नाही. काढला असता तर तो कसा दिसला असता हे मला आता डोळे मिटून सांगता येतं.

बाबांनी आता कानामागचं मशीन लावलंय. आजोबांसाठी एका आतेभावानं मुंबईहून खिशातली पेटी आणली होती, वायरवाली. ती सगळेच आवाज सरसकट वाढवायची: भांडी, कावळे, नळ, माणसं. चिंचोळ्या जागेतल्या त्या कानाला ते कसं सोसावं? ती पेटी ट्रंकेत गेली. आजचं मशीन ज्या पट्टीत जेवढं कमी तेवढंच वाढवतं आणि मोठा आवाज अडवून धरतं. तरीही पहिले काही आठवडे जड गेले. मेंदूला त्या आवाजांची सवय सुटलेली असते. कपाटात पडलेली मशीनं आपल्याकडे घराघरांत आहेत, आणि त्यातली बरीचशी केवळ या सुरुवातीच्या आठवड्यांत कुणी सोबत न केल्यामुळे पडलेली आहेत. आणि किंमत. चांगल्या जोडीला लाखाच्या पुढेही पैसे पडतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरीब वृद्धांना श्रवणयंत्रं देते, आपल्या राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या पात्र माणसांना साधनांसाठी तीन हजार रुपये देते. मिळत असेल त्यानं ते जरूर घ्यावं. पण मशीन हातात पडल्यावर ते बसवून, फिरवून, महिन्याभरानं पुन्हा तपासून देणारं माणूस तालुक्याच्या ठिकाणी असलं पाहिजे, तरच त्या पैशांचं चीज होईल.

ऐकू कमी आलेला माणूस बैठकीतून उठून जातो. दुसऱ्यांदा विचारायला लाजतो, तिसऱ्यांदा नुसता मान डोलावतो, मग लग्नाकार्याला जायचंच टाळतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी चौदा कारणं दिली, त्यांत ऐकू कमी येणं वरच्या क्रमांकांत आहे. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीन लावल्यानं बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात ती घसरण जवळपास निम्म्यानं मंदावली. हा काही रामबाण नव्हे. मला तो प्रयत्न करण्याइतका भक्कम आधार वाटतो.

आणि एक गोष्ट मला फार खुपते. वडिलांचा कान वाचला, कारण ते साच्यावर गेले नाहीत. आजोबांनी त्यांना शिकवलं, ते कचेरीत लागले. गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि काचेचे मनोरे आहेत, परळ-लालबागची पुढची पिढी वातानुकूलित खोल्यांत बसते. पण साचे काही नाहीसे झाले नाहीत. ते भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये, खेटून लावलेले यंत्रमाग, बारा-बारा तासांची पाळी. माग चालवणारे आंध्र-तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले. आवाजानं येणारा बहिरेपणा आपल्या कामगार कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. पण ज्या शेडमध्ये हजेरीपटच नाही तिथे तो आजार नोंदवणार कोण? त्यामुळे ‘नव्या पिढीचे कान सुधारले’ असं आपल्याकडे म्हणताना कुणाची नवी पिढी, हे विचारायलाच हवं. माझ्या घरातल्या कानांचं भलं झालं. आज पंचविशीत माग चालवणारा मुलगा सत्तरीला पोचेल तेव्हा तो माझ्या आजोबांइतकाच बहिरा असेल, आणि त्याच्याही घरचे म्हणतील, वय झालं.

जसं यंत्रांचं, तसंच काही औषधांचं. क्षयावरची जुनी इंजेक्शनं जीव वाचवत आणि कान नेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कानामायसिन महिनोन् महिने टोचलं जाई, आणि मुंबईत अशा रुग्णांची संख्या मोठी. बरे होऊन बहिरे झालेले तरुण या शहरात आहेत. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं ते औषध यादीतून काढायला सांगितलं, तोंडानं घ्यायच्या गोळ्या आल्या. पुढच्या पिढीचे कितीतरी कान या एका निर्णयानं राहतील.

माझा भाचा पुण्यात ढोलपथकात आहे. ताशा वाजवतो. मला ढोल-ताशा मनापासून आवडतो. लक्ष्मी रस्त्यावर पथक उभं राहिलं की छातीत जे होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही. म्हणूनच त्याची काळजी वाटते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. एरवीच्या वर्षी सरासरी शंभर डेसिबलच्या आसपास फिरते, कोरोनाच्या काळात ती साठाच्या जवळ आली होती. हा रस्त्याचा आवाज झाला. ताशा तर गळ्यात असतो, कानापासून हातभर, आणि त्याचा आवाज बारीक, चिरत जाणारा. नदीपात्रात सराव दोन-दोन महिने आधीपासून, रोज संध्याकाळी तास-दोन तास. सरावाहून आल्यावर कानात शीळ वाजते, दडा बसतो, सकाळपर्यंत मोकळं होतं, असं तो सहज सांगतो. पथकातल्या सगळ्यांनाच होतं म्हणे. २००९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की असा दडा सुटून ऐकणं पूर्ववत झालं तरी पेशींना मेंदूशी जोडणारे कितीतरी दुवे कायमचे तुटलेले असतात. साध्या तपासणीत ते दिसत नाहीत. गोंगाटात बोलणं समजेनासं होतं ते पुढे, उतारवयात, असा अंदाज आहे.

त्याला मी वाजवू नको म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. कानातल्या बोळ्यांचं, म्हणजे इअरप्लगचं, बोलणं मात्र काढलं. त्याची शंका खरी होती: बोळे घातले तर ठेका कसा ऐकू येणार, टोलवाल्यांचा इशारा कसा कळणार? वादकांसाठीचे वेगळे बोळे मिळतात, ते सगळ्या पट्ट्या सारख्या प्रमाणात खाली आणतात. एका संध्याकाळी त्यानं ते घालून वाजवलं. फोनवर म्हणाला, “मावशी, ढोल नीट ऐकू येतोय आणि स्वतःचा ताशा कमी टोचतोय. पण पोरं हसतायत.”

या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांचे ऑडिओग्राम, म्हणजे कानांचे तेच आलेख, काढून घेतले. बाबांचा पुन्हा, आईचा पहिल्यांदाच, माझा, भाच्याचा. तपासणी अर्ध्या तासाची, दुखत-खुपत काही नाही. तारखा घालून सगळे एका फाइलमध्ये लावले आहेत. दर दोन वर्षांनी पुन्हा काढायचे असं ठरलंय. भाच्याच्या डाव्या कानाच्या रेघेत चार हजारांपाशी एक लहानसा खड्डा आहे. त्या मुलीनं पेन टेकवून दाखवला आणि विचारलं, “ताशा कुठल्या बाजूला झुकवून धरतोस?” त्यानं हातानं करून दाखवलं. डावीकडे.

तो कागद त्यानं पथकाच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर आतापर्यंत सगळ्या ताशेवाल्यांनी आणि निम्म्या ढोलवाल्यांनी बोळ्यांसाठी पैसे जमा केलेत. ध्वजवाल्यांनाही हवेत का, यावर अजून चर्चा चालू आहे.